गुंतवळ आणि गंगावन

पुतणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि माझी वेणी करंगळीएवढी उरली होती. सप्टेंबरात डेंग्यू झाला. ताप आठ दिवसांत उतरला, पण केसांना बातमी उशिरा कळते; ते नोव्हेंबरात गळायला लागले. डॉक्टरांना त्याचं काही नवल वाटलं नाही. मोठ्या तापात बरेचसे केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच रजा घेतात म्हणे. "येतील परत. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर," ते म्हणाले. तीन आठवड्यांत किती, हा हिशेब मी तिथेच खुर्चीत बसून केला. गजरा माळायचा तर तो कानात अडकवावा लागला असता.

म्हणून पार्लर गाठलं. तिथल्या मुलीने एक चपटी पेटी उघडली. आत झालरीसारखे लांबसडक काळे केस आणि वरच्या कडेला बारीक चिमटे.

"एक्स्टेन्शन आहे मॅम, क्लिप-ऑन. हंड्रेड पर्सेंट ह्यूमन हेअर."

"म्हणजे गंगावन," मी म्हणाले.

"काय वन?"

मुलगी चांगली मखमलाबादची. घरी मराठी, दारी मराठी, आणि तिने हा शब्द ऐकलेला नाही! मला एकदम माझं वय आठवलं.

माझं बालपण पंचवटीतल्या वाड्यात गेलं. नाशिकच्या माणसाची गंगा म्हणजे गोदावरी. "गंगेवर जाऊन येते" म्हटलं की उत्तरेकडे कोणी बघत नाही. आणि गंगेवर गेलं की रामकुंडाशी वस्तरा चालू असायचाच. कुणाचे वडील गेलेले, कुणाच्या पोराचं जावळ. ओल्या दगडांवर केसांचे काळे पुंजके. त्यामुळे माझा पक्का समज होता की गंगेवरून आणतात ते गंगावन. आजी अंबाड्यात जे काही खुपसते ते कुठल्या तरी गावच्या पाटलाचं आहे, तो वडिलांच्या दहाव्याला आला होता, अशी माझी कल्पना. कितीतरी दिवस मी आजीच्या कुशीत झोपताना तिच्या मानेकडे पाठ करून झोपायचे.

ते गंगावन दाराआडच्या खिळ्याला टांगलेलं असे, वरून एक पंचा. आतेभाऊ ते पाठीमागे खोचून मारुती व्हायचा आणि आजी लाटणं घेऊन त्याच्या मागे लागायची. तसा तिचा जीव कशात अडकलेला नव्हता, दागिनेसुद्धा दोनदा मोडून झालेले. पण गंगावनाला हात लावलेला खपत नसे. दुपारी सगळे आडवे झाले की दाराला कडी लावून, आकडे दातात धरून ती अंबाडा घालायची. खोलीबाहेर यायची ती भरल्या डोक्याने. वाड्यातल्या सगळ्या बायकांना एकमेकींची गंगावनं ठाऊक होती, कारण सगळ्यांची उन्हात वाळायला एकाच गच्चीवर पडायची. तरी "काय बाई तुझा अंबाडा दाट!" हे म्हणायचं, आणि ऐकणारीने "कसलं गं, आता राहिले कुठे" म्हणायचं. हा व्यवहार अतिशय सभ्य होता असं मला आता वाटतं.

पाटलाचा उलगडा पुढे झाला. इतर बायका विंचरल्यावर निघालेली गुंतवळ तीनदा थुंकून टाकायच्या, कोणी करणी करू नये म्हणून. आजी टाकत नसे. बोटाभोवती गुंडाळून तिची गाठोळी करायची आणि कापडी पिशवीत भरून ठेवायची. अशा कित्येक वर्षांच्या पिशव्या जमल्यावर एका बाईकडून तिने ते गंगावन करून घेतलं होतं. म्हणजे ते केस तिचेच होते. तरुणपणी गळलेले, म्हातारपणी परत डोक्यावर चढवलेले. याला खोटे केस म्हणायचं तर माझ्या मुदत ठेवीलाही खोटे पैसे म्हणावं लागेल.

आजीच्या या जपणुकीला आणखी एक धागा होता, तो मला उशिरा कळला. तिची एक आत्या सोवळी होती. लाल आलवण, आणि दर काही दिवसांनी दारात न्हावी. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची. त्याबद्दल ती एवढंच सांगायची, की आत्याचे केस गुडघ्यापर्यंत होते.

पार्लरातली मुलगी मात्र माझ्या आजीत फारशी रमली नाही. तिने मला प्रकार समजावले. चिमट्यांचे, टेपने चिकटवायचे, केराटिनच्या ठिपक्यांनी जोडायचे. शिवायचेसुद्धा असतात, वीव्ह म्हणतात त्याला; आफ्रिकी वंशाच्या बायकांमधली ही कला. डोक्यालगत बारीक घट्ट वेण्या घालायच्या आणि त्यांवर सुईदोऱ्याने केसांची झालर टाचायची. मी ब्लाउजला अस्तर लावताना बोट टोचून घेणारी बाई, मी चिमट्यांवर थांबले. आधीच गळणाऱ्या केसांवर ओढ नको, हेही होतं. सतत ओढलेले केस मुळातून जातात. "हे रेमी आहे मॅम," ती म्हणाली आणि सात हजार सांगितले.

रेमी म्हणजे काय ते घरी येऊन शोधलं, आणि त्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. केसावर मुळाकडून टोकाकडे बारीक खवले असतात, माशासारखे. डोक्यावरून एकगठ्ठा कापलेले केस एकाच दिशेने राहिले की खवलेही एकाच दिशेला. मग गुंता होत नाही. तेच रेमी. तिरुपतीला भाविक मुंडण करतात ते केस लांबीनुसार निवडून देवस्थान त्यांचा लिलाव करतं, आणि त्यातून वर्षाला शंभर कोटींच्या वर रक्कम येते. गुंतवळ मात्र उलटसुलट. कुठलं टोक, कुठलं मूळ, पत्ता नाही. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला ती हातांनी सोडवतात, पुढे कारखान्यात आम्लात बुडवून खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा हात देतात. पाच-सात धुण्यांत तो हात उतरला की केसांचा काथ्या होतो.

याच वाचनात न्यूयॉर्कचं ब्रुकलिन भेटलं. कर्मठ ज्यू बायका लग्नानंतर आपले केस झाकतात, आणि पुष्कळजणी ते टोपाने झाकतात. केस झाकायला केसच! आजीने या युक्तीला मनापासून दाद दिली असती. तर २००४ मध्ये त्यांच्या काही धर्मगुरूंनी ठरवलं की या टोपांतले केस तिरुपतीचे, म्हणजे परक्या देवाच्या पूजेतले, म्हणून वर्ज्य. मग लोकांनी भर रस्त्यात टोप पेटवले. कुठल्या तरी तेलुगू बाईने नवऱ्याच्या दुखण्यासाठी बोललेला नवस न्यूयॉर्कमध्ये धूर होऊन गेला.

टोपांचं आमच्या जिल्ह्यालाही वावडं नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच गृहस्थांनी केल्या. मुंबईतल्या एका खाणावळीत स्वयंपाक करणारा हा माणूस टोप चढवला की जानकी, उतरवून मुकुट चढवला की रघुपती. शूर्पणखेच्या नाकावरून नाव पडलेल्या आमच्या गावाला डोक्यावरच्या या उसनवारीचं काय एवढं!

लग्न गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर झालं आणि छान झालं. माझं एक्स्टेन्शन पडलं नाही, सरकलं नाही. नवरीच्या डोक्यावर माझ्या दुप्पट होतं आणि ती ते कुठून आणलं हे मैत्रिणींना स्टेजवरूनच सांगत होती. मला उगीच चुकल्यासारखं झालं. आमच्या विहीणबाई "केस काय सुरेख हो तुमचे" म्हणाल्या, आणि मी कसलाही विचार न करता म्हणाले, "कसले हो, आता राहिले कुठे." परत निघताना पार्किंगमध्ये बघते तर सगळ्या मुली त्या हजारो रुपयांच्या कुरळ्या बटांवरून स्कार्फ गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटीवर बसत होत्या.

पुढे उन्हाळा लागला, माझे केस बोट-बोट उगवून कपाळावर उभे राहिले, आणि चार धुण्यांत एक्स्टेन्शनचा काथ्याही नाही, निराळंच काहीतरी झालं. चमकत होतं पण चिकट. तशात एका सकाळी गल्लीत हाक आली, "केऽस... डोक्याचे केऽस... भांडी घ्याऽ." अजून येतात या बायका, म्हसरूळपर्यंत येतात. मी एक्स्टेन्शन घेऊन खाली गेले. सात हजारांचं आहे, निदान एक पातेलं तरी येईल.

बाईने ते हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं, एक केस उपटला आणि काडी ओढली. केस जळला नाही. आक्रसत वर गेला आणि टोकाला मोहरीएवढा काळा मणी झाला. तिने तो मला हुंगायला दिला. बादलीला चटका बसल्यासारखा वास.

"नायलॉन आहे ताई. याचं काही येत नाही. तुमचं सोताचं असंल तर बघा."

मी वर गेले. खिडकीच्या फळीवर बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात नोव्हेंबरपासूनची गुंतवळ होती. का ठेवली होती, कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. डबा तिच्यापुढे धरला. तिने पुन्हा एक केस जाळला, मान डोलावली, आणि डब्यातलं सगळं पिशवीत ओतू लागली.

"सगळं नको," मी म्हणाले. "अर्धं राहू दे."

अर्ध्याची चहाची गाळणी आली.