बोटं सोलवटणार नाहीत अशी गिटारची तार कशी निवडावी

अकूस्टिक (विजेशिवाय वाजणाऱ्या), पोलादी तारांच्या गिटारच्या तारांचं पाकीट उलटं करून बघा. मागे सहा आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १०, १४, २३, ३०, ३९, ४७. हे तारांच्या जाडीचे आकडे, इंचाच्या हजाराव्या भागात. पहिला आकडा सगळ्यात बारीक तारेचा असतो आणि सेटला नावही त्याच्यावरूनच पडतं: दहाचा सेट, अकराचा सेट, बाराचा सेट. बोटं दुखत असतील तर आधी हा आकडा बघायचा. धातू कोणता, कंपनी कोणती, वर कोटिंग आहे का, हे सगळं त्याच्यानंतर.

याचं कारण साधं आहे. गिटारची लांबी तीच आणि सूरही तोच ठेवला, तर तारेवरचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारावरून दहावर आलात तर जाडी फक्त सहाव्या हिश्शाने कमी होते, पण पहिल्या तारेवरचा ताण तीस टक्क्यांनी उतरतो. किलोत बोलायचं तर बाराच्या सेटमध्ये पहिल्या तारेवर साधारण साडेदहा किलोचा ताण असतो, दहाच्या सेटमध्ये सव्वासात-साडेसात. बाराचा सेट सहाही तारा मिळून नेकला (गिटारच्या लांब दांड्याला) सत्तर किलोच्या वर ओढतो. सोयाबीनचं भरलेलं पोतं नेकला टांगल्यासारखंच ते. दहाचा सेट साठच्या आसपास राहतो.

बाजारातल्या बऱ्याच नव्या गिटारींवर कारखान्यातूनच बाराचा सेट येतो, स्वस्त गिटारीवर तर कोणता बसवलाय ते लिहिलेलंही नसतं. शिकणाऱ्याने पहिल्या महिन्यातच तो उतरवून दहाचा लावावा, असं माझं ठाम मत आहे. मोठी माणसं, आणि ज्यांना थोडा भरदार आवाज हवा आहे, त्यांना अकराचा पुरतो. त्याच्या पहिल्या तारेवरचा ताण बारापेक्षा सोळा टक्क्यांनी कमी असतो. डॅडारिओ कंपनीचा दहाचा सेट ईजे१५, अकराचा ईजे२६ आणि बाराचा ईजे१६. इतर कंपन्या दहाला बहुतेक ‘एक्स्ट्रा लाइट’, अकराला ‘कस्टम लाइट’ आणि बाराला ‘लाइट’ म्हणतात. ‘लाइट’ लिहिलंय म्हणून हलका समजून बाराचा सेट घरी आणणारे बरेच असतात. नावावर जाऊ नका, आकडा वाचा.

तालुक्याच्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात हार्मोनियम, तबला, ढोलकी यांचा माल भरपूर असतो, गिटारच्या तारांचे मात्र दोन-चार प्रकारच. अशा ठिकाणी ‘नरम तार’ मागितली की कधीकधी इलेक्ट्रिक गिटारचा सेट हातात पडतो. तोही दहाचाच असतो आणि बोटांना खरोखर मऊ लागतो, पण त्यात तिसरी तार साधी, गुंडाळी नसलेली असते. अकूस्टिकवर ती वरच्या फ्रेटना (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना) बेसूर बोलते, आणि निकेलच्या गुंडाळीमुळे जाड तारांचा आवाज कोरडा येतो. पाकिटावर ‘अकूस्टिक’ आणि ‘ब्राँझ’ हे दोन शब्द शोधा. ते नसतील तर संभाजीनगरच्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवा.

आता धातू. ८०/२० ब्राँझमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं. आवाज झळझळीत, पण लवकर मंदावतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यात कथील आणि किंचित फॉस्फरस असतो, त्याचा आवाज जरा उबदार आणि जास्त दिवस टिकतो. बोटांना दोन्ही सारखेच. शिवाय पहिली आणि दुसरी तार कोणत्याही सेटमध्ये साधी पोलादीच असते, आणि बोटात खाच पाडतात त्या याच दोघी.

कोटिंगवाल्या तारांचं, एलिक्सरसारख्यांचं, तसं नाही. ताण तोच असतो, पण गुंडाळीवरच्या पातळ थरामुळे बोट घसरतं, कॉर्ड बदलताना होणारी चरचर कमी होते आणि घामाने तार काळी पडत नाही. घामाचा मुद्दा आपल्याकडे मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना अर्धा तास वाजवा आणि साधी तार आठवडाभर न पुसता ठेवा. तिच्यावर बोट फिरवलं की बारीक खरबरीतपणा लागतो. तो गंज. ताण न वाढताही अशी तार कानशीसारखी बोट सोलते. कोटिंगचा सेट साध्यापेक्षा बराच महाग पडतो, पण ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांनी तोच घ्यावा. बाकीच्यांनी साधा सेट घेऊन वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार चिमटीत धरून, खालच्या बाजूनेही पुसावी. गंज खालूनही सुरू होतो. कोटिंगच्या तारेवर काही महिन्यांनी साउंडहोलजवळ (गिटारच्या गोल भोकाजवळ) पांढरे धागे सुटलेले दिसतात. तो थर पिकने (तार छेडायच्या चकतीने) उडालेला असतो, तार खराब झालेली नसते.

सगळ्यात मऊ म्हणजे सिल्क अँड स्टील. जाड तारांच्या गाभ्याभोवती रेशमाचे किंवा नायलॉनचे तंतू असतात आणि वर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. ताण दहाच्या सेटपेक्षाही कमी. बोटांनी वाजवायला फार गोड. पण जोरात स्ट्रमिंग केलं की आवाज दबतो आणि गुंडाळी फ्रेटवर लवकर झिजते. लातूर-नांदेडला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या, रात्री हळू वाजवणाऱ्या मुलांना हा सेट चांगला.

एक गोष्ट कधीही करू नका. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर तिला पोलादी तार लावायची नाही, दहाचीसुद्धा नाही. तिची बांधणी या ताणाची नसते. ब्रिज (फळीवरची, तारा अडकवायची पट्टी) उखडून येतो, सोबत वरच्या फळीचा पापुद्राही निघतो.

मात्र दहाचा सेट लावूनही बोटं दुखत असतील तर दोष बहुतेक तारेत नसून तिच्या उंचीत असतो. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि वाजवून बघा. एकदम सोपं झालं तर नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) उंच आहे. खात्री करायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा. पहिल्या फ्रेटवर तारेखाली जेमतेम कागदाएवढी फट दिसली पाहिजे. पोस्टकार्ड आरामात सरकत असेल तर नटची खाच खोल करावी लागेल. हे काम कारागिराकडूनच करून घ्या, कारण खाच जास्त घासली गेली तर नटच बदलावा लागतो.

कॅपो लावूनही फरक पडला नाही तर बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर जाड तारेला अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेला पावणेदोन असेल तर ठीक. साडेतीन-चार असेल तर कोणताही सेट तुम्हाला सुख देणार नाही. आधी नेकचा बाक तपासा (कसा ते पुढे सांगतो). बाक बरोबर असेल तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) काढून खालून घासतात, आणि हिशेब दुपटीचा: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल सरळ धरून, थोडं थोडं घासून पुनःपुन्हा बसवून बघायचं.

हलका सेट लावल्यावर उलटी अडचणही येते. नेकवरची ओढ कमी झाल्याने नेक सरळ होतो, कधी मागे वाकतो, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटना तार झणझणते. पहिल्या फ्रेटला कॅपो लावून तार चौदाव्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरची फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळईचा) पेचाचा नट ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) डावीकडे सैल करायचा, एका वेळी पाव फेरा, मग दिवसभर थांबून पुन्हा मोजायचं. एक मिलिमीटरचं जाड पिक असेल तर तेही बदलून ०.६ चं घ्या. हलक्या तारेला जोराचा फटकारा सोसत नाही.

आपल्या हवेमुळे आणखी एक फसगत होते. उन्हाळ्यात लाकूड आटतं, पण फ्रेटचा धातू आटत नाही, म्हणून फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येतात. नेकच्या कडेवरून तळवा फिरवा. टोचलं तर तार निर्दोष आहे. गिटार केसमध्ये ठेवा आणि साबणाच्या डबीला भोकं पाडून तिच्यात पिळलेला ओला स्पंज घालून शेजारी ठेवा. कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवू नका. पावसाळ्यात उलट होतं. फळी फुगते, तारा वर येतात आणि जूनपर्यंत सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये जड लागते. तेव्हा स्पंज काढून सिलिका जेलची पुडी ठेवायची.

नवा सेट लगेच आणता येत नसेल तर आहे त्याच तारा सगळ्या अर्ध्या सुराने उतरवा. ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो. एक पूर्ण सूर उतरवून दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावलात तर ताण वीस टक्क्यांनी कमी होतो आणि कॉर्ड मूळ सुरातच वाजतात.

बदलताना एकेक तार काढा आणि लावा, म्हणजे नेकवरची ओढ एकदम सुटत नाही. आधी तार पूर्ण सैल करायची, मग कापायची. ताणलेली तार कापली तर तोंडावर उडते. ब्रिजमध्ये तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या (तार अडकवायच्या खुंटीच्या) टोकाखाली अडकू देऊ नका. पिन बसवताना तार वर ओढत राहा, म्हणजे गोळा आतल्या पट्टीला टेकतो. नाहीतर सूर चढवताना पिन उसळून बाहेर येते. खुंटीवर जाड तारेचे दोन वेढे, बारीक तारेचे तीन-चार. ट्यूनरवर पहिली तार ‘ई४’ (चौथ्या सप्तकातला ई) दाखवली की थांबा. नुसतं ‘ई’ बघून पिळत राहिलं की दहाची तार हमखास तुटते. पहिले दोन दिवस तारा सैल होत राहतात, सूर परत परत लावावा लागतो. तिसऱ्या दिवशी बाराव्या फ्रेटवरची उंची पुन्हा मोजा, कारण नेक तोवर नव्या ताणाला स्थिरावलेला असतो.