थंडीतलं रनिंग-इन: ३.५ सीसी इंजिन आतापर्यंत

मंडळी, नवं २१ साईजचं, म्हणजे ३.५ सीसीचं इंजिन माझ्या रिमोट कंट्रोलच्या बग्गीत बसलं, त्याचं रनिंग-इन (नवं इंजिन जपून चालवून त्याचे भाग एकमेकांशी जुळवून घेणं) सुरू करायचं आणि नेमका नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला. निफाडकडे तर द्राक्षवाले बागांमध्ये शेकोट्या पेटवतायत. दुपारी चांगलं ऊन पडतं, तेव्हा कर की, असं घरचे सांगतात. पण मखमलाबादच्या पुढे जो मोकळा प्लॉट आपण वापरतो, तो नऊनंतर क्रिकेटवाल्या पोरांचा. त्यामुळे सकाळच.

इंजिन एबीसी जातीचं आहे: अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी), तिला आतून क्रोम. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून गार असताना हाताने फिरवलं की पिस्टन वर जाताना अडतो. हा घट्टपणा मुद्दाम ठेवलेला. तापल्यावर पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि दोघांचं नेमकं जमतं. गार अवस्थेत इंजिन जितकं फिरेल तितका तो घट्टपणा फुकट झिजतो, कनेक्टिंग रॉडवर ताण पडतो तो वेगळाच. एकदा तो झिजला की कॉम्प्रेशन संपलं. मग गरम इंजिन आयडलला टिकत नाही.

म्हणून ‘टाक्यांवर टाक्या फुल रिच (हवेच्या मानाने भरपूर फ्युएल) ठेवून नुसतं गुरगुरू द्या’ हा जुन्या मंडळींचा सल्ला मी बाजूला ठेवलाय. अशा थंडीत फुल रिच इंजिन तापतच नाही. वर सायलेन्सरमधून तेल गळताना बघून आपल्याला वाटतं, काय छान वंगण मिळतंय!

माझी पद्धत अशी. टाकी रिकामी असतानाच हेडला हीट गनने ७०–८० डिग्रीपर्यंत शेकायचं. शेजारच्या बांधकामावरचे वॉचमन मामा एक्स्टेंशन बोर्ड लावू देतात, तेवढ्यावर भागतं. हीट गन लांब ठेवल्याशिवाय फ्युएलची बाटली उघडायची नाही. फ्युएल मुख्यतः मिथेनॉलचं, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, चटका बसल्यावरच कळतं.

बाटली रात्रभर घरातच ठेवतो आणि टॉवेलात गुंडाळून नेतो. मिथेनॉलची पेट घेण्याइतकी वाफ व्हायला साधारण ११ डिग्री लागतात, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे ते त्याच्या खालीच असतं. पुल-स्टार्टची दोरी ओढून ओढून दंड भरून येतात त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं ग्लो इग्नायटरच्या (सुरू करताना प्लग तापवणारं साधन) गारठलेल्या बॅटरीत सापडतं. ती मी खिशात ठेवतो. प्लगही नेहमीपेक्षा एक पायरी हॉट लावलाय. दोरी अचानक जड झाली तर जोर लावू नका. आत फ्युएल साचलेलं असतं. प्लग काढून, इंजिन उलटं करून ते बाहेर काढा.

सुरू झाल्यावर हीट सिंकला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची कानटोपी. पुढून वारा लागू द्यायचा नाही, वर प्लगपुरतं भोक. टेम्परेचर गन त्या भोकातून थेट प्लगपाशी रोखायची. चकचकीत फॉइलवर मारली तर आकडा खोटा आणि बराच कमी येतो. मला ९५ ते १०५ हवं असतं. टोपी घातल्यावर दोन-तीन मिनिटांत तिथे पोचतं. ११५ च्या पुढे सरकायला लागलं की फॉइल थोडी उघडायची.

अर्धी टाकी झाली की बंद. फ्लायव्हीलवर मार्करने खूण केलीय, ती बघून पिस्टन तळाला आणून ठेवतो, नाहीतर गार होताना स्लीव्ह त्याला वरच आवळून धरते. पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा शेकायचं, पुन्हा सुरू. ही तापणं-निवणं फेरी हाच रनिंग-इनचा गाभा. थंडीचा एकमेव फायदा इथे मिळतो: चहा संपेपर्यंत इंजिन गार.

नीडलचं, म्हणजे फ्युएल किती जाईल ते ठरवणाऱ्या स्क्रूचं, मात्र उलटं गणित. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, आणि गारठलेलं फ्युएल नीडलमधून जरा सावकाश येतं. त्यामुळे संध्याकाळी रिच वाटलेली सेटिंग सकाळी लीन (फ्युएल कमी पडणारी) निघते. मी हाय-स्पीड नीडल अष्टमांश फेरी उघडून सुरुवात करतो. उष्णता फॉइलने आणायची, लीन करून नाही.

आता पिस्टन वर जाताना अजून अडतो, पण पहिल्यासारखा कचकन नाही. आयडल सलग टिकतंय, धूर दाट आहे. फ्युएलमध्ये तेल १२ टक्के, नायट्रो (नायट्रोमिथेन) २० टक्के; रनिंग-इन पूर्ण होईपर्यंत दोन्ही बदलणार नाही. घरी आल्यावर उरलेलं फ्युएल जाळून, आफ्टर-रन ऑइलचे दोन थेंब टाकून ठेवतो, कारण मिथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि बेअरिंग गंजतात.

पुढचं काम म्हणजे अर्ध्या थ्रॉटलपर्यंतचे छोटे पल्ले, अर्थात टोपी घालूनच. लो-स्पीड नीडलला तोवर हात लावत नाही. संक्रांतीनंतर कोणी प्लॉटवर येणार असेल तर स्टार्टर बॉक्स (दोरीशिवाय इंजिन फिरवणारी पेटी) घेऊन या, माझ्या पुल-स्टार्टची दोरी आता विरायला लागलीय.