आधी श्वास, मग ऊब

रब्बीला पाणी द्यायचं ते बहुतेक रात्रीच्या लाईटवर. अंधारात शेततळ्याच्या कागदावरून पाय घसरला, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण ओल्या प्लास्टिकवर हातापायाला पकडच मिळत नाही. गाठी मारलेलं चऱ्हाट तळ्याच्या चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवावं आणि वरचं टोक पक्क्या खुंट्याला बांधावं. खर्च किरकोळ आहे, तरी बहुतेक तळ्यांवर ते दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कुणी पडलं तर आधी मोटरीचा मेन स्विच बंद करा. पाण्यात करंट उतरला असेल तर काढायला गेलेलाही जातो. शक्यतो उडी मारू नका. दोर, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका.

बाहेर काढल्यावर उताणं झोपवा, हनुवटी वर करून मान किंचित मागे घ्या आणि दहा सेकंदांत श्वास बघा. मधूनच आचके येत असतील तर तो श्वास धरायचा नाही. श्वास नसेल तर नाक दाबून, तोंडाला तोंड लावून आधी पाच श्वास द्या. एकेक श्वास साधारण एक सेकंदाचा, छाती वर उचललेली दिसेल इतका. मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा 2 श्वास, हे चालूच ठेवा. दाब मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. इथे नुसती छाती दाबून भागत नाही, कारण बुडालेल्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबलेलं असतं. दुसऱ्या कुणाला तरी लगेच 108 लावायला सांगा.

पोट दाबणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं हे अजूनही गावोगाव चालतं आणि त्यानेच घात होतो. छातीत गेलेलं पाणी पोट दाबून निघत नाही. निघतं ते पोटातलं अन्न, आणि तेच श्वासनलिकेत जातं. तोंडाला फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर अख्खा माणूस कुशीवर वळवा, तोंड साफ करा, पुन्हा सुरू करा.

थंडीचा धोका वेगळा. मोटरीच्या पाइपाला धरून तासन् तास विहिरीत लटकलेल्या माणसाला उभा ओढू नका. रक्त पायांकडे उतरून तो काठावरच कोसळू शकतो. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून आडवा वर घ्या. ओले कपडे कापून काढा, अंग टिपून कोरडं करा, डोक्यासकट घोंगडीत गुंडाळा आणि खालूनही पांघरूण घाला. हातपाय चोळू नका, शेकोटीला धरू नका, दारू तर नकोच. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड चहा. कुडकुडणं थांबलं आणि माणूस बरळायला लागला, तर ते सुधारणं नव्हे. शरीराचं तापमान 32 अंशांखाली गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी हिसके बसले तरी हृदयाचा ठोका बिघडतो.

नॉर्वेत 1999 मध्ये ॲना बॉगेनहोल्म ही डॉक्टर बर्फाखाली 80 मिनिटं अडकूनही वाचली, तापमान 13.7 अंशांवर गेलं होतं. पण तिथलं पाणी बर्फाचं होतं आणि तिला बर्फाखाली हवेची पोकळी सापडल्यामुळे श्वास थांबायच्या आधी शरीर गार पडत गेलं. आपल्या विहिरीचं पाणी डिसेंबरातही तितकं गार नसतं, उलट पहाटे कोमट लागतं. ते मेंदूला जपत नाही. इथे हातात काही मिनिटंच असतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सहकाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाऱ्याचा साधा थर्मामीटर 35 अंशांखाली दाखवतच नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. आणि गारठलेल्याची नाडी मिनिटभर नीट तपासा, ती फार मंद असते. शुद्धीवर आलेल्यालाही लगेच घरी सोडू नका. सहा ते आठ तास श्वास आणि ऑक्सिजन बघा, धाप किंवा खोकला वाढला तर घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन लावूनच पाठवा.