डॅश-डॅश-डी-आर

पावसामुळे लोकल रडतखडत चालल्या होत्या. कांजूरमार्गला उतरलो तेव्हा फोनवर सात मिस्ड कॉल, सगळे ताईंचे. आमचं रिलीजचं काम त्या बघतात. उलट फोन केला, तर पहिलंच वाक्य: "अरे, मी नुसती रंगीत तालीम केली आणि तुझ्या टूलने चौदा ब्रँच सर्व्हरवर चढवल्या!"

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ब्रँच म्हणजे त्यातली बदलांची एक वेगळी शाखा. गिटवर आम्ही घरचंच एक टूल बसवलंय, चौदा रिपॉझिटरींवर (कोडच्या साठ्यांवर) एकच कमांड चालवायला. रंगीत तालीम म्हणजे 'ड्राय-रन'. काय होईल ते दाखवायचं, हात कशालाच लावायचा नाही.

ताईंची स्क्रिप्ट उघडली. त्यात 'ड्राय-रन' पूर्ण लिहिलेलंच नव्हतं, नुसतं डॅश-डॅश-डी-आर. ऑप्शन म्हणजे कमांडला जोडून द्यायची सूचना; लांब ऑप्शनची सुरुवातीची अक्षरं दिली तरी गिट ओळखतं, म्हणून ती सोय आम्हीही घेतली होती. तीन वर्षं डी-आरने सुरू होणारा ऑप्शन एकच होता. शुक्रवारी घरी पळायच्या घाईत मी 'ड्राफ्ट' नावाचा दुसरा घातला, अर्धवट ब्रँच रिव्ह्यूसाठी सर्व्हरवर ढकलणारा. आमचा कोड अक्षरांच्या क्रमाने लावलेली यादी वरून वाचायचा आणि पहिलं जुळलेलं नाव उचलायचा. डी-आरनंतर 'ए' आधी येतो, 'वाय' मागाहून. झालं!

गिट असा अंदाज बांधत नाही. दोन नावं जुळली की ऑप्शन संदिग्ध आहे म्हणून सांगतं, दोन्ही नावं समोर ठेवतं आणि थांबतं. तेच करायचं ठरवलं: जुळणारी सगळी नावं गोळा करा, एकाहून जास्त निघाली तर थांबा. चार ओळी. चहा यायच्या आत केल्या, आणि चहा संपायच्या आत 'फोर्स' मोडलं.

पुशला, म्हणजे ब्रँच सर्व्हरवर ढकलण्याला, 'फोर्स' आहे (सर्व्हरवर काहीही असो, ढकलतोच) आणि 'फोर्स-विथ-लीज'ही (2013 साली गिट 1.8.5 मध्ये आलेला, सर्व्हरवरची ब्रँच आपण शेवटची पाहिली तिथेच असेल तरच ढकलतो). 'फोर्स' पूर्ण लिहिलं तरी ती 'फोर्स-विथ-लीज'चीही सुरुवातच, म्हणून माझ्या दुरुस्तीला तेही संदिग्ध वाटलं. म्हणजे आधी तंतोतंत नाव बघायचं, ते नसेल तरच अर्धवटाच्या मागे लागायचं. इतकी साधी गोष्ट, पण टेस्ट लाल होईपर्यंत डोक्यातच आली नाही.

गिटने 2019 मध्ये स्वतःच्या टेस्टमध्ये असे आखूड ऑप्शन बंद केले, ते का हे मला तेव्हा कळलं. हाताने टाइप करताना ठीक आहे, स्क्रिप्टमध्ये नको. ताईंच्या स्क्रिप्टमध्ये असे सहा निघाले. सहाही पूर्ण लिहिले. चढलेल्या चौदा ब्रँच एकेक करून उतरवल्या; त्यात जेवणाची सुट्टी गेली.

संध्याकाळी ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. वाकून स्वतःच डॅश-डॅश-डी-आर टाइप केलं. 'ड्राफ्ट' की 'ड्राय-रन', म्हणत टूल थांबलं.

"चला," त्या म्हणाल्या, "विचारतंय तरी."