पंचवीस गाण्यांची वर्षं

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं आणि पुढे कित्येक आठवडे माझ्या टेबलावर नुसता गाळ येत राहिला. लग्नाच्या कॅसेटी, भजनाच्या सीड्या, वारलेल्या माणसांचे आवाज. कॅसेटी-सीड्या दुरुस्त करायचं माझं दुकान चढावर म्हणून वाचलं, त्यामुळे सगळे माझ्याकडेच.

लोक सीडी उन्हात वाळवतात. गाळ ओला असतो तोवर पाण्याने सुटतो, वाळला की त्याचा पॉलिश पेपर होतो. वर पुसतात तीही गोल गोल, ताट पुसल्यासारखी. सीडीवरचं गाणं गोलातच लिहिलेलं असतं. मधून काठाकडे गेलेला ओरखडा प्लेअर सांधून घेतो, पण गोल ओरखडा गेला की सलग तुकडाच हातचा जातो. तशी पाटी लावलीय दुकानात. वाचतो कोण!

वडाप, म्हणजे शेअर जीप, चालवणारे एक दादा दोन सीड्या घेऊन आले. अमेरिकन रॅपर टुपाक शकूर, ‘ग्रेटेस्ट हिट्स’, 1998. मस्कतला ड्रायव्हर होते तेव्हा घेतलेला संच. आतलं पुस्तक लगदा झालेलं. बरोबरचा भाचा म्हणाला, “मामा, मोबाइलवर सगळं आहे की. आणि ही इकडून तिकडून उचललेल्या गाण्यांची खिचडी आहे, खरे अल्बम वेगळे.” मामांनी ऐकल्यासारखंही केलं नाही.

दुसरी सीडी चौथ्या खेपेला पूर्ण वाचली गेली. मग टॅग, म्हणजे प्रत्येक गाण्याचं नाव-साल, भरायला बसलो. सॉफ्टवेअरने पंचवीसही गाण्यांवर 1998 ठोकलं होतं. माणूस 1996 च्या सप्टेंबरात गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. मेल्यावर दोन वर्षांनी त्याने सगळं गायलं? मला हे बघवेना. एकेका गाण्याचं मूळ वर्ष शोधून भरलं. रॅप मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं, माझा कान डबलबारीचा, भजनाच्या सामन्यांचा.

वर्षं भरली आणि भाचा निम्मा बरोबर निघाला. 1991 च्या पहिल्या अल्बममधली दोनच गाणी, ‘ऑल आइज ऑन मी’ या 1996 च्या एकट्या अल्बमची सात. पोलिसांच्या छळावर ‘ट्रॅप्ड’ म्हणणारा 1991 चा पोरगा पहिल्या सीडीवर दहावा. मित्राच्या मरणावरचं ‘लाइफ गोज ऑन’ संपतं न संपतं तोच दुसऱ्या रॅपरला आईबहिणीवरून शिव्या. ‘डिअर ममा’नंतर लगेच बायकांना वाटेल ते बोलणारं ‘ऑल अबाउट यू’. लावणाऱ्याला कान नव्हता, असं माझं तेव्हाचं मत.

अडलो ‘चेंजेस’वर. रेकॉर्डिंग 1992 च्या सुमाराचं, खालची चाल ब्रूस हॉर्न्सबी या अमेरिकन गायकाच्या 1986 च्या गाण्याची, आणि टुपाक जिवंत असेपर्यंत हे बाहेरच आलेलं नाही. ते पहिल्यांदा लोकांनी ऐकलं ते याच खिचडीत. आज टुपाक म्हटलं की कित्येकांना तेच आठवतं. मग ते गाणं कुठल्या सालातलं? 1992 टाकलं, खोडलं, 1998 टाकलं, परत 1992.

शेवटी पेनड्राइव्हवर दोन फोल्डर केले. एक सीडीप्रमाणे, एक वर्षवार. न विचारता केलं, पैसेही लावले नाहीत. गंमत म्हणजे अल्बममधला क्रम धरून नीट लावलं तरी ‘डिअर ममा’नंतर ‘ऑल अबाउट यू’च येत होतं. मधे 1995 च्या अखेरीला आलेलं ‘कॅलिफोर्निया लव्ह’ बसलं एवढंच.

आठवड्याने दादा आले.

“तुमचं ते वर्षवार लावलेलं चुकलंय.”

माझा पारा चढला. कुठे चुकलं, विचारलं.

“आईचं गाणं संपलं की मी हात पुढे करून पुढचं उडवतो. मस्कतपासूनची सवय. परवा गुहागर रोडला हात गेला आणि कॅलिफोर्निया उडालं. आणि मग ते वाह्यात गाणं सुरू, गाडीत दोन बाया बसलेल्या.”

मी म्हटलं, कॅलिफोर्निया खाली घेतो. तर म्हणाले, “नको. ते पुसूनच टाका. पयलं तेवढं ठेवा.”

पुसलं. माझ्या कॉम्प्युटरवर ते वर्षवार फोल्डर अजून आहे. ‘चेंजेस’पुढे सध्या 1992.