तिच्या खालचं नाव

बस स्टँडसमोरच्या खांबाला पोरं फ्लेक्स बांधत होती. सकाळचे साडेआठ झाले असतील. फ्लेक्सवर आमच्याच महाविद्यालयाची मुलगी होती, पदवीदान समारंभातल्या काळ्या झग्यातला फोटो, आणि शेजारी लाल अक्षरांत ‘दुहेरी यश! राज्यकर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक’. खाली शुभेच्छुकांचे पंधरा-वीस चेहरे. मी गाडी थांबवलेली पाहून एक पोरगा खाली उतरला. म्हणाला, “सर, तुमच्या कॉलेजची पोरगी हाय ना ही? पेपरातबी द्या आता.”

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचा ग्रंथपाल आहे. चार वर्षांपासून माजी विद्यार्थी समितीचं कामही माझ्याकडे आहे. कोण कुठे लागलं, कोणाला बढती मिळाली, कोण पीएच.डी. झालं, हे विचारायचं, कागद मिळवायचे, नोंद करायची. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनात एक निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा असतो. स्पर्धा परीक्षांत किती मुलं पात्र ठरली, किती नोकरीला लागली, किती पुढच्या शिक्षणाला गेली, हे सगळं त्यात येतं. नुसतं नाव लिहून भागत नाही. पडताळणीत पुरावा मागतात, म्हणजे नियुक्तीचं पत्र, निकालाची प्रत, ओळखपत्र, काहीतरी.

पण मी हे काम नॅकसाठी करतो असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. आमच्याकडे प्रवेशाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. सुरुवातीच्या वह्यांवर नागपूर विद्यापीठाचं नाव आहे, कारण अमरावतीचं विद्यापीठ १ मे १९८३ला झालं. त्या वह्यांत वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’, ‘शेतमजुरी’, ‘शेतमजुरी’, ‘शेती’ असं पानंच्या पानं लिहिलेलं आहे. त्या रकान्यासमोर आज त्या मुलांचं काय झालं हे लिहिता येतं, तेव्हा मला फार बरं वाटतं. हैदराबादच्या औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणी करणारा रसायनशास्त्राचा मुलगा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात संशोधन सहाय्यक असलेली मुलगी, सैन्यातले तिघे, दोन ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक), आणि कापसाचं जिनिंग सांभाळणारा वाणिज्य शाखेचा एक. अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले, त्या दिवशी ग्रंथालयाच्या फळ्यावर मी ती बातमी खडूनं लिहिली होती. मोठ्या बातम्या आपल्या पायांनी सगळीकडे पोचतात. बाकीच्यांसाठी कोणीतरी फोन करावा लागतो.

फ्लेक्स पाहून माझ्या पोटात गोळा आला, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या वार्षिकांकात मी एका मुलाचं नाव ‘पोलीस उपनिरीक्षक पदी निवड’ म्हणून छापलं होतं. त्याचं नाव सर्वसाधारण गुणवत्ता यादीत होतं, आणि मला वाटलं झालं. त्या यादीत जागांपेक्षा कितीतरी जास्त नावं असतात हे मी नीट पाहिलंच नाही. अंतिम शिफारस यादी आली तेव्हा तो तिच्यात नव्हता. तोवर महाविद्यालयात शाल-श्रीफळ झालं होतं, गावात गुलाल उधळला होता, लग्नाची बोलणीसुद्धा सुरू झाली होती. ती बोलणी थांबली. मुलगा आठ महिने ग्रंथालयाकडे फिरकला नाही. नंतर आला आणि अभ्यासिकेत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी यादीचं शीर्षक आधी वाचतो आणि नाव नंतर.

ग्रंथालय उघडलं आणि आधी यादी काढली. पोलीस उपनिरीक्षकाची सर्वसाधारण गुणवत्ता यादी आदल्या आठवड्यात लागली होती. या पदाचा निकाल इतरांच्या मागून येतो, कारण लेखीनंतर ग्राउंड, म्हणजे शारीरिक चाचणी, असतं आणि मग मुलाखत. मुलीचं नाव बऱ्यापैकी वर होतं. राज्यकर निरीक्षकाच्या अंतिम यादीत ती आधीच होती, त्याचं शिफारस पत्र तिला मिळालेलं होतं. इथलंही नाव इतकं वर, म्हणजे ही जागाही तिला मिळणार यात शंका नव्हती. यादी खाली सरकवत गेलो तर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या त्या मुलाचंही नाव दिसलं. बरंच खाली. मी ते कोणाला सांगितलं नाही.

दहा वाजता प्राचार्यांनी बोलावलं. त्यांना फ्लेक्सचा फोटो कोणीतरी पाठवला होता. ते मनापासून खूश होते. “दोन पदं म्हणजे आपल्या तक्त्यात दोन ओळी होतात बघा. आजच कागद घ्या.”

मी मुलीला फोन लावला. अभिनंदन केलं, कागदाचं विचारलं. ती जरा थांबली.

“सर, पीएसआयचं माझं नाव नका टाकू. मी काल रात्री बाहेर पडले.”

ज्यांच्या घरात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाललेला नाही त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. पूर्वी एकच उमेदवार दोन-तीन याद्यांत यायचा, एका पदावर रुजू व्हायचा आणि बाकीच्या जागा रिकाम्या राहायच्या. पुढच्या जाहिरातीपर्यंत त्या कोणाच्याच कामाच्या नसत. म्हणून लोकसेवा आयोगानं ‘ऑप्टिंग आउट’, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची सोय, आणलं. गुणवत्ता यादी लागल्यावर ठरावीक दिवसांची मुदत मिळते. ज्याला हे पद नको त्यानं आयोगाच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात जाऊन तसं कळवायचं. मग त्याचं नाव वगळून अंतिम शिफारस होते आणि त्याच्या खालचा उमेदवार वर सरकतो. सक्ती काहीच नाही. दोन्हीकडे नाव ठेवून गप्प बसलं तरी कोणी विचारत नाही.

“बेटा, नीट विचार केला ना?” मी विचारलं. “वर्दीसाठी तू किती पळलीस ते मी पाहिलं आहे.” खरंच पाहिलं होतं. पहाटे साडेपाचला महाविद्यालयाच्या मैदानावर ती गोळाफेक करायची, मग आंघोळ करून साडेसातला अभ्यासिकेच्या दाराशी उभी असायची. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मला साडेसातच्या आधी पोचावं लागे.

“सर, मागच्या वेळी मी अर्ध्या गुणानं राहिले होते. अर्ध्या. एक प्रश्न चुकीचा सोडवला आणि तेवढे कापले गेले. माझ्या वर ज्या होत्या त्यातल्या दोघी आधीच दुसरीकडे लागलेल्या होत्या. त्या बाहेर पडल्या नाहीत. मला टॅक्सचं काम करायचं आहे, हे पक्कं आहे. मग मी कोणाची जागा कशाला धरून ठेवू?”

मी विचारलं, घरी माहीत आहे का. नव्हतं. गावात त्याच दिवशी संध्याकाळी सत्काराचं ठरत होतं, आणि सत्कार वर्दीचाच होता. आमच्या भागात आजही पोलीस उपनिरीक्षकाला फौजदारच म्हणतात. राज्यकर निरीक्षक म्हणजे काय हे सांगावं लागतं, फौजदार सांगावा लागत नाही. ती म्हणाली, “सर, तुम्ही पत्राच्या झेरॉक्ससाठी घरी जाणारच असाल तर आज जा. गेल्यावर मला फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. मला एकटीला बाबांशी बोलताना रडू येईल.”

गाव दिग्रसच्या रस्त्याला, आमच्यापासून चौदा किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि बाया वेचणीला लागल्या होत्या. तूर फुलावर होती. तिचे वडील घराच्या ओट्यावर गाठोडं सोडून कापसातला काडीकचरा काढत बसले होते. मला पाहून उठले. “या ना जी सर, बसा. पोरीनं नाव काढलं.” ओसरीत तीन-चार माणसं होती, सत्काराला कोणाला बोलवायचं त्याची चर्चा चाललेली. एकजण ढोल-ताशाचा भाव सांगत होता.

चहा आला. मी कप खाली ठेवला आणि फोन लावला. ओसरीतल्या माणसांना बाहेर जायला सांगावं असं मनात आलं होतं. सांगितलं नाही. उद्या ही गोष्ट गावभर फिरणारच होती, ती तिच्याच तोंडून ऐकलेली बरी.

तिनं सरळ सांगितलं. वडील कापसाची बोंडं हातात धरून ऐकत होते. ढोल-ताशावाला मध्येच म्हणाला, “अवो बाई, फौजदारकी कोन सोडते?” वडिलांनी त्याला हातानं गप्प केलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. फोनमधून फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

मग ते म्हणाले, “मंग ते जागा कोनाले भेटन?”

“माझ्या खाली जी मुलगी आहे तिला, बाबा.”

“कुठची हाय?”

“माहीत नाही.”

“तिले सांगतलं का कोनं?”

“नाही बाबा. तिला यादी लागल्यावरच कळेल.”

“म्हंजे अजून ते घाबरतच असन,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “सर, तिले फोन नाई करता येत का? नंबर नसते का त्या यादीत?”

मी नाही म्हणालो. यादीत बैठक क्रमांक असतो, नाव असतं, प्रवर्ग असतो. फोन नंबर नसतो. त्यांनी मान हलवली. त्या अनोळखी मुलीला अजून काही आठवडे घाबरत राहावं लागणार याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. स्वतःच्या मुलीची वर्दी गेली त्याबद्दल ते त्या दिवशी माझ्यासमोर काहीच बोलले नाहीत. नंतर बोलले असतील, बापच आहेत. ओट्यावर मात्र त्यांनी एवढंच विचारलं की सत्कार करायचा की नाही. मुलगी म्हणाली, “करा ना बाबा. राज्यकर निरीक्षक झालेच आहे मी.”

“काय करते तो निरीक्षक?” म्हातारी आजी आतून म्हणाली. तिला ते समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली. व्यापाऱ्याच्या बिलावर जीएसटी असतो, तो सरकारला नीट पोचतो की नाही ते ही पाहणार, असं मी सांगितलं. आजीला ते पटलं. “मंग जिनिंगवाल्यायचंबी पाहीन का?” पाहील, म्हटलं.

परत येताना स्टँडवर थांबलो. पोरांना गोष्ट सांगितली. फ्लेक्ससाठी त्यांनी वर्गणी काढली होती, तो उतरवायला त्यांचा जीव होईना, आणि नवीन छापायला पैसे नव्हते. शेवटी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पांढरे कागद आणले. खांबावर चढलेल्या पोरानं ‘दुहेरी’ शब्दावर एक आणि ‘आणि पोलीस उपनिरीक्षक’वर दोन कागद डकवले. चिकटपट्टी कमी पडली, ती मी आणून दिली. मी गाडीला किक मारली तेव्हा फ्लेक्सवर ‘यश! राज्यकर निरीक्षक’ एवढंच उरलं होतं.

प्राचार्यांना मी एकच ओळ दिली. त्यांनी कारण विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला. “हे कुठे लिहायचं?” तसा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही. मी म्हणालो, वार्षिकांकात दोन परिच्छेद लिहितो, तिनं परवानगी दिली तर, नाव न घालता. तिनं दिली.

अंतिम शिफारस यादी काही आठवड्यांनी लागली. मी आधी मुलांच्या रांगेत ते भिंतीकडचं नाव शोधलं. हिच्या बाहेर पडण्याचा त्याला उपयोग नव्हता, हिची जागा महिलांच्या आरक्षणातली. पण मुलांमधूनही कुठूनकुठून उमेदवार बाहेर पडलेले असतात, आणि मी आशा धरून होतो. तो नव्हता. दुपारी तो अभ्यासिकेत आला, नेहमीच्या जागेवर पिशवी ठेवली आणि माझ्या टेबलाशी उभा राहिला.

“सर, यावेळी छापलं नाही ना?”

“नाही रे.”

“बरं केलं,” तो म्हणाला. मग त्यानं चालू घडामोडींचं नवीन मासिक आलं का विचारलं. आलं होतं. मी त्याच्या नावावर नोंदवून दिलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिचं प्रशिक्षण सुरू होतं, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा वर्ग होते म्हणून दिवसभर तिला वेळ झाला नव्हता. “सर, यादी आहे ना समोर? माझ्या प्रवर्गात महिलांमध्ये शेवटची कोण आहे?”

मी स्क्रीनवर बोट ठेवून खाली आलो. नाव वाचलं, बैठक क्रमांक वाचला. तिनं मला नाव पुन्हा म्हणायला लावलं.

“जिल्हा दिला आहे का सर?”

“नाही, जिल्हा देत नाहीत.”

“बाबा विचारत होते,” ती म्हणाली. “थांबा, लिहून घेते.” आणि मी ते नाव तिला तिसऱ्यांदा, एकेक अक्षर करून सांगितलं.