नोझल चेकचा कागद आधी नीट बघा

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, पण आमच्या छपाईच्या धंद्यात ह्याच दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. 14 एप्रिलच्या जयंतीचे टी-शर्ट. पाचशे-हजार नगांचं काम स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे जातं. माझ्याकडे येतात ती छोटी मंडळं, ज्यांना पन्नास-साठच शर्ट हवेत पण त्यावर बाबासाहेबांचा फोटो सगळ्या छटांसकट हवा असतो. त्यासाठी मी थेट कापडावर छापणारं डीटीजी मशीन घेतलं. फोटो प्रिंटरवर बांधलेलं, ए3 आकाराचं, चार रंग आणि पांढऱ्या शाईच्या दोन लाइनी.

एका वर्षी काळे 60 शर्ट होते, 12 तारखेला संध्याकाळी द्यायचे. मी चार दिवस लातूरला माहेरी लग्नाला गेले होते, मशीन बंद होतं. 10 तारखेला सकाळी पहिला शर्ट काढला आणि पोटात गोळाच आला. बाबासाहेबांच्या कपाळावरून एक आडवी काळी रेघ, चष्म्याच्या खाली दुसरी. काळ्या कापडावर आधी पांढऱ्याचा थर बसतो, मग त्यावर रंग. पांढरं जिथं पडलं नाही तिथं रंग कापडात बुडून जातो. तो शर्ट कुणाच्या हातात देणं मला शक्यच नव्हतं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. हेड क्लिनिंग, म्हणजे शाई सोडणारं हेड मशीनकडूनच साफ करून घेणं. एकदा, दोनदा, पाच वेळा. दर वेळी नोझल चेकही काढला, हेडच्या प्रत्येक भोकाची (नोझलची) एकेक बारीक रेघ छापलेला कागद. पांढरी शाई भराभर कमी होत होती आणि छपाई होती तिथंच. टेक्निशियनला फोटो पाठवले. फोनवरच त्यानं सांगितलं, हेड चोक होऊन गेलंय, नवं टाका. शेजारच्या स्टिकर छापणाऱ्या दादांनी स्पिरिटनं पुसायला सांगितलं. ते मी केलं नाही हे माझं नशीब. त्यांची शाई सॉल्व्हंटची, आपली पाण्याची. आपल्या शाईत कापडाला धरून ठेवणारा बाइंडर असतो, स्पिरिट लागलं की तो आणखी घट्ट होतो.

खरी गोष्ट पकडली माझ्या भाच्यानं. बारावीची परीक्षा देऊन मदतीला आला होता. त्यानं पाचही नोझल चेकचे कागद फरशीवर ओळीनं मांडले आणि म्हणाला, "मावशी, बघ ना, रिकाम्या जागा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी आहेत."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. माझ्या हेडला प्रत्येक लाइनीत 90 नोझल आहेत, केसापेक्षा बारीक भोकं. एखादं भोक खरंच वाळलेल्या शाईनं बुजलं असेल तर कागदावर त्याची जागा बदलत नाही, दर वेळी तीच रेघ गायब राहते. रेघा आज इथं, उद्या तिथं गायब होत असतील तर तिथं शाई पोचत नाहीये किंवा हवा शिरलीय. रेघ आहे पण वाकडी पडतेय, तर नोझलच्या तोंडाशी धागा चिकटलाय. आपण दिवसभर सुती कापड मशीनखाली सरकवतो, त्याची तूस उडणारच. आणि छापायला सुरुवात चांगली होऊन तिसऱ्या-चौथ्या शर्टाला पांढरं फिकं पडत गेलं, तर डॅम्पर (हेडच्या आधी शाई गाळून देणारी छोटी डबी) नाहीतर टाकीचं हवेचं भोक बघायचं. हे सगळं कागदावर दिसतं. मी मात्र पाच कागद चुरगळून बाजूला टाकले होते.

आमच्याकडे जागा बदलत होत्या, म्हणून हेडला हात न लावता आम्ही कॅपकडे वळलो. काम नसताना हेड ज्या रबरी वाटीवर जाऊन बसतं, ती कॅप. क्लिनिंगच्या वेळी खालचा पंप तिच्यातूनच शाई ओढतो. भाच्यानं कॅपमध्ये क्लिनिंग लिक्विड काठोकाठ भरलं आणि क्लिनिंग लावलं. ते खाली जायला हवं होतं. जागचं हललं नाही. म्हणजे पाचही वेळा पंपानं हेडमधून जवळपास काहीच ओढलं नव्हतं. कॅपच्या कडेला तूस आणि पांढरी शाई मिळून चुन्यासारखी कड जमली होती, खालच्या नळीतही तेच. कोमट केलेलं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि फोमची काडी घेऊन आम्ही अर्धा तास ती कड भिजवून भिजवून काढली. नळाचं पाणी वापरत नाही, इथल्या पाण्यातला क्षार नोझलमध्ये बसतो. कानातली कापसाची काडीही नको, तिचे धागे सुटतात.

त्यानंतर एकच क्लिनिंग केलं. पांढऱ्याच्या एका लाइनीत सगळ्या रेघा आल्या. दुसरीत सात रेघा नव्हत्या आणि पुन्हा छापलं तरी त्याच सात नव्हत्या. हे मात्र खरं बुजणं. सिरिंजनं दाब देऊन ते काढायचा मोह होतो, पण जोर जास्त झाला तर आतले पडदे फाटतात आणि मग हेड खरंच जातं. आम्ही कॅपमध्ये लिक्विडचे थेंब टाकून हेड रात्रभर त्यावर बसवून ठेवलं. मी दोनदा उठून बघून आले. सकाळी सातातली पाच भोकं मोकळी होती. उरलेल्या दोनांनी शर्टावर फरक पडत नव्हता.

मूळ कारण तरीही माझंच होतं. पांढऱ्या शाईतला रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. पाण्याच्या चौपट जड, तळाशी बसणारच. चार दिवस ती बाटली कुणी हलवली नव्हती. खोलीतली हवा तर एवढी कोरडी की नंतर आणलेल्या मीटरवर आर्द्रता 21 टक्के दिसली. अशा मशीनला ती साधारण 50 च्या आसपास लागते. आता बाहेरच्या खोलीत कूलर चालतो, दार अर्धं उघडं ठेवते, पण वारा थेट मशीनवर येऊ देत नाही.

प्रीट्रीट, म्हणजे छपाईआधी शर्टावर मारायचं पाणी, ते फवारायचं कामही गॅलरीत नेलं. काळ्या कापडावर पांढरं वरच राहावं म्हणून त्या पाण्यात क्षार असतात, लिंबानं दूध नासावं तशी ते शाई कापडावर नासवतात. तेच तुषार उडून हेडवर बसले तर शाई नोझलच्या तोंडाशीच नासते. फवारलेला शर्ट हिट प्रेसवर पुरता वाळवल्याशिवाय मशीनवर चढवायचा नाही, हेही त्याचसाठी. ओल्या शर्टाची वाफ सरळ हेडला लागते.

60 शर्ट 12 तारखेला रात्री साडेआठला गेले. मंडळाची पोरं न्यायला आली तेव्हा एकानं तिथंच अंगात घालून बघितला.

यंदा पुन्हा लातूरला गेले तेव्हा भाचा रोज सकाळी यायचा, बाटली हलवायचा, एक नोझल चेक काढायचा आणि त्याचा फोटो पाठवायचा. तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात एक रेघ कमी दिसली. त्याला म्हटलं, क्लिनिंग लावू नकोस, आधी कॅपची कड पूस आणि परत एक कागद काढ. दहा मिनिटांत फोटो आला, नव्वदच्या नव्वद.